आप्पांच्या अक्षरातलं पत्र

३ एप्रिल

चि. बारक्यास,

अ. उ. आ. तुझं पाकीट परवा पोचलं आणि त्यातून आप्पांचं पत्र निघालं. कारखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी ते तीनदा वाचलं. सात वर्षांत त्यांनी मला एक ओळ लिहिली नव्हती. आई गेली तेव्हा मी पोचले ती सगळं आटोपल्यावर. आप्पा दारातच म्हणाले होते, जिला आई मरतेय हे कळत नाही तिनं आता कशाला तोंड दाखवायचं. हे शब्द आठवल्याशिवाय माझा एक दिवस गेलेला नाही. आणि आता तेच आप्पा लिहितात की तू वेळेवर आली नाहीस ते मी मनातून काढून टाकलं आहे, सुट्टीत सगळे मिळून चार दिवस समुद्रावर येतो. यांना वाचून दाखवताना मला रडू आवरेना. हे म्हणाले, पुरे कर, नाहीतर शाई पसरेल आणि पुरावा जाईल.

तर आता बेत ऐक. चौदा मे ते सतरा मे. आमच्या दोन खोल्यांत तुम्ही मावणार नाही, म्हणून मागच्या गल्लीतल्या विश्रामगृहात तिसऱ्या मजल्यावरची खोली सांगून ठेवली आहे. पलंगावर पडल्यापडल्या समुद्र दिसतो. इथे सकाळी सातलाच ऊन डोळ्यांवर येतं, आप्पांना टोपी लागेल. आमच्या कारखान्यात वाळूत रोवायच्या मोठ्या छत्र्या शिवतात हे तुला ठाऊक आहेच. एक शिवण चुकलेली छत्री फोरमनकडून मागून घेतली आणि उसवून नीट केली. तिच्याखाली पाच जण आरामात बसतील. सहावा तू, तुला उन्हात वाळत घालू. बादलीभर पाण्यानं सर्दी होणारा माणूस समुद्रात उतरणार कसा, हा इथे चर्चेचा विषय आहे.

चिमणी पाच वर्षांची झाली आणि तिनं आजोबा पाहिलेले नाहीत. आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवतात म्हटल्यावर तिनं फर्मान काढलंय की त्यांनी वाळूवर तिचं नाव पाटीएवढं मोठं काढायचं. मला एकच धाकधूक आहे. आप्पांचं मन फिरणार नाही ना? तेवढं तू सांभाळ. आपल्या धाकट्या बहिणीला आशीर्वाद, आणि तुझ्यावरचा माझा लोभ, तू कितीही आळशी असलास तरी, होता तेवढाच आहे.

तुझी,
ताई

११ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. औषधाच्या दुकानाची पाटी काल टांगली. मालकाला हिरवा रंग हवा होता, टांगल्यावर म्हणतो हा पोपटी झाला. मी म्हटलं, पावसात दोन वर्षं भिजू द्या, हवा तसा होईल. हल्ली पाट्या मीच करतो, आप्पा रंग कालवून देतात. रंग कालवावा तो त्यांनीच.

बेत झकास आहे, पण खोली तळमजल्यावर मिळते का पाहा. आप्पांचे गुडघे कुरकुरतात. समुद्र काय, चार पावलं चालून गेलं की दिसतो. आणि वाळूवरच्या नावाचं चिमणीला आतापासून कबूल करू नकोस. मुलं मनाला लावून घेतात, आणि आप्पांचं तुला माहीतच आहे, लहर आली तर काढतील. चारऐवजी तीनच दिवस केले तर कसं, असंही मनात येतं. दुकान इतके दिवस बंद ठेवणं जिवावर येतं.

आणखी एक. आप्पांना वेगळं उत्तर पाठवू नकोस. ते संकोचतील. काय असेल ते मला लिही, मी सांगतो. धाकटीनं आप्पांसाठी टोपी शिवली आहे, तीत माझंही डोकं बुडतं. भावोजींना नमस्कार. चिमणीला पापा. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा,
बारक्या

१९ एप्रिल

चि. बारक्यास,

आशीर्वाद. आज पत्रात बातम्या नाहीत.

रविवारी चिमणी आप्पांचं पत्र खिडकीच्या काचेवर धरून, वर पातळ कागद ठेवून अक्षरं गिरवत बसली होती. आपलं अक्षर आजोबांसारखं व्हावं म्हणून. तिनं मला विचारलं की आजोबांनासुद्धा शाळेसारख्या दुरेघी आखाव्या लागतात का. मी जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक ओळीच्या वर आणि खाली पेन्सिलीची रेघ आखून खोडलेली आहे. खोडली तरी कागदावरचा दाब गेलेला नाही, आणि इथलं ऊन काही लपू देत नाही.

बारक्या, आप्पांनी जन्मात कधी रेघ आखली नाही. दहा फुटी पाटीसुद्धा ते नजरेनं तोलायचे आणि म्हणायचे, ज्याला रेघ लागते त्यानं भिंतींना चुना लावावा. हे ते तुला उद्देशून म्हणायचे, कारण तुझ्या खिशात कायम पट्टी असायची. अक्षर मात्र तू हुबेहूब वळवलंस. त्यांच्यासारखं वेलांटीचं टोक उडवलंस, सहीखालचा ठिपकासुद्धा सोडला नाहीस. शाबासकी द्यावी की कान उपटावा ते मला समजत नाही.

हात तुझा आहे हे कळलं. मला विचारायचं आहे ते वेगळंच. यातले शब्द कुणाचे? राग उरला नाही असं आप्पा म्हणाले, की तूच त्यांच्या वतीनं मला माफ करून टाकलंस? मी या कागदावर पंधरा दिवस हवेत चालले आहे. कारखान्यात बायका विचारायला लागल्या की ही गुणगुणते काय. आप्पांनी माफ केलं नसेल तर तसं सांग, मला सवय आहे. पण असं खोटं गोड खायला घालू नकोस.

पत्र सोबत परत पाठवते आहे. मला ते घरात नको. खोली अजून सोडलेली नाही.

ताई

२८ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. पत्र मीच लिहिलं. आता सगळं सांगतो, मग तू म्हणशील ती शिक्षा.

गेल्या वर्षापासून आप्पांचा उजवा हात थरथरतो. आधी ब्रश हलायचा, मग चहाचा कप. डॉक्टर म्हणाले वाढत जाईल, कमी होणार नाही. आप्पांनी मला शपथ घातली की मोठीला कळवायचं नाही, ती दया करायला येईल आणि मला ती नको. म्हणून ते नुसते रंग कालवतात. त्यांची पाटी म्हणून जी जाते ती मी त्यांच्या वळणानं केलेली असते. एक वर्ष मी दिवसभर त्यांचंच अक्षर काढतोय ताई, त्यामुळे पत्र लिहायला बसलो तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही.

मार्चच्या सुरुवातीला तुझं बोलावणं आलं. ते त्यांनी तीन आठवडे सदऱ्याच्या खिशात ठेवलं. धुवायला सदरा दिला की पत्र काढून दुसऱ्या सदऱ्यात. उत्तर मात्र नाही. शेवटी मीच मजकूर लिहिला आणि दुकानात त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, शब्द न शब्द. ते काही बोलले नाहीत. उठले आणि ब्रश धुवायला गेले. आता तू दुकानात वाढली आहेस, तूच सांग. खडूनं काढलेली पाटी त्यांना दाखवली आणि ते गप्प राहिले, म्हणजे पसंत. चूक असेल तरच तोंड उघडतात. चाळीस वर्षं दुकान याच रीतीवर चाललं. मी तीच रीत धरली आणि पाकीट टपालात टाकलं.

तू परत पाठवलेलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. तू माफीबद्दल जे विचारलं आहेस तेही वाचून दाखवलं. पत्र हातात घेऊन ते संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कागद मागितले. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पाकीटसुद्धा स्वतः चिकटवलं. मला भीती वाटते. मी सुताचा गुंता सोडवायला गेलो आणि गाठ बसवून ठेवली असं झालं असेल, तर धाकटा समजून पोटात घाल.

तुझा,
बारक्या

२८ एप्रिल

चि. सौ. मोठीस,

आशीर्वाद. अक्षर लागेल तेवढं वाच. डाव्या हातानं उजवा धरून लिहितो आहे, तीन दिवस लागले.

बारक्यानं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी गप्प राहिलो. त्याला वाटलं पसंत. त्याचा दोष नाही, मीच त्याला तसं शिकवलं. मजकुरात चूक होती. मी तुला माफ करतो, असं त्यात आहे. ते माझ्या हातात नाही. का नाही ते लिहितो.

तुझी आई शुक्रवारी गेली. सोमवारी सकाळी तिनं मला सांगितलं की मोठीला तार करा, तिला बघावंसं वाटतं. मी तेव्हा नव्या थिएटरच्या पाटीवर होतो. एवढं मोठं काम मला कधी मिळालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते आठवड्यात उठून बसेल. तू नोकरीवर लागून महिना झाला होता, उगाच कशाला घाबरवायचं असं मी मनाशी म्हटलं. ती सबब होती. खरं हे की तारघर पलीकडच्या टोकाला होतं आणि मला परांचीवरून उतरायचं नव्हतं. मंगळवारी तिनं विचारलं, केली का तार. मी हो म्हणालो. मला वाटलं उद्या करीन. बुधवारी तिनं बारक्याला सांगून तुझ्यासाठी गादी घालून घेतली. त्याला वाटलं ती तापात बोलते आहे. गुरुवारी म्हणाली की गाडी उशिरा असेल. मी म्हटलं, असेल.

ती तुझी वाट बघत गेली. तू येऊन दारात उभी राहिलीस आणि विचारलंस, मला का कळवलं नाही. त्या क्षणी खरं बोललो असतो तर निभावलं असतं. मी तुझ्यावरच ओरडलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पुढे रोज वाटायचं की सांगावं, आणि रोज ते जास्त जड होत गेलं. रागावलेला बाप होऊन बसणं सोपं होतं. अशा बापाला लोक पाणी आणून देतात, काही विचारत नाहीत.

हे बारक्यालाही माहीत नाही. तू सांगितलंस तर माझी हरकत नाही. समुद्रावर येण्याची मला इच्छा आहे. चिमणीला बघायचं आहे. पण हे वाचल्यावर मला बोलवायचं की नाही ते तू ठरव. येऊ नका म्हणालीस तर तुझा शब्द खाली पडू देणार नाही. लोभ मागायला मला तोंड नाही.

आप्पा

८ मे

ती. आप्पांस,

सा. न. वि. वि. पत्र मिळून पाच दिवस झाले. रोज लिहायला बसले आणि रोज उठले. काल कारखान्यात एका छत्रीच्या सगळ्या पट्ट्या उलट्या शिवल्या. फोरमन बिचारा घरी जा म्हणाला.

मला तुमचा भयंकर राग आला आहे. तो लपवत नाही. सात वर्षं मी स्वतःला खात होते. मला वाटायचं, सगळ्या मुलींना कळतं, मलाच कसं कळलं नाही. आणि त्याहून वाईट वाटायचं ते हे की आईनं शेवटी एकदाही माझं नाव काढलं नाही. तसं कुणी म्हणालं नव्हतं, पण तिनं काढलं असतं तर कुणीतरी मला बोलावलं असतं, असा माझा सरळ हिशेब. ती मला बघावं म्हणाली, माझ्यासाठी गादी घालून घेतली, हे मला या वयात तुमच्या वाकड्यातिकड्या अक्षरातून कळलं. त्या ओळी मी पाठ केल्या आहेत. त्या तुम्ही लिहिल्यात म्हणून तुम्हाला हे पत्र लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

मी माफ केलं असं यात लिहिणार नाही. खोटं पत्र आपल्या घरात एक झालं तेवढं पुरे. पुढे कधी होईल का, तेही मला माहीत नाही.

तळमजल्यावरची खोली घेतली आहे. दाराशी तीन पायऱ्या आहेत, कठडा आहे. हे आणि मी स्टेशनवर येऊ. बारक्याला मी काही लिहिलेलं नाही, ते तुम्हीच त्याला गाडीत सांगा. प्रवास लांबचा आहे, वेळ मिळेल.

चार दिवस आहेत. सकाळचा वेळ चिमणीचा, त्यात मी येणार नाही. दुपारी ती झोपली की तुम्ही आणि मी बसायचं, आणि तुम्ही मला सोमवारपासून सांगायचं. आई काय म्हणाली, काय खाल्लं, कुठल्या कुशीवर होती, दाराकडे बघताना तिच्या अंगावर काय पांघरलं होतं. काही गाळायचं नाही. एका दिवसात झालं नाही तर दुसऱ्या दिवशी. मी मध्ये रडले तरी थांबायचं नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. ते आज राहू दे. तुम्ही या.

मोठी