टाकीत दोघांनाच ठेवू नये

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, मोजमापाची उपकरणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवते. माझ्या डोक्यात गाठ आहे आणि उद्या ती काढणार आहेत. तेव्हा 'अक्कलहुशारीने' या शब्दावर पुढे कुणीतरी बोट ठेवील हे गृहीत धरून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी वजा केले, आणि त्यांच्या रक्तदाबाच्या यंत्राचा काटा शून्यावर येत नाही हेही सांगितले. दाखल्यात त्यांनी 'अतिशय सावध' असे लिहिले आहे.

कलम १. घर. राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्यात आम्ही तिघे राहतो: मी, आई आणि माझा थोरला भाऊ, ज्याचे चाव्या-कुलपांचे दुकान आहे. माझ्यामागे या घरात राहण्याचा हक्क आईचा, ती असेपर्यंत. तिने ते विकू नये, गहाण टाकू नये, कुणाला बक्षीस देऊ नये. ही अट अविश्वासाने घातलेली नाही. तिच्याकडे कुणी दोनदा मागितले की ती देऊन टाकते, एवढेच. आईच्या पश्चात घर दादाचे. वकीलबाईंनी "नक्की ना?" असे विचारले. नक्की.

कलम २. टाकी. हॉलमधली माशांची टाकी, फिल्टर, हीटर, दगड आणि त्यातले सगळे सिक्लिड मासे आईला. हे मासे भांडखोर असतात. त्यांना एकत्र नांदवण्याची पद्धत इथेच लिहिते, कारण पुढच्या कलमांना ती लागणार आहे.

सिक्लिड थोडे ठेवू नयेत. भरपूर ठेवावेत आणि त्या मानाने मोठा फिल्टर लावावा. गर्दी असली की दांडग्या माशाला एकाचाच पिच्छा पुरवता येत नाही. मध्ये दुसरा येतो, तिसरा येतो, आणि मार वाटला जातो. दोनच ठेवले तर एक मरतो.

दादाला हे पटत नव्हते. मी तपासण्यांसाठी दवाखान्यात असताना त्याला माशांची कीव आली. त्याने बहुतेक मासे बादलीत भरून माशांच्या दुकानदारकाकांकडे नेऊन दिले आणि मग मला फोन केला.

"केवढी दाटी केली होतीस गं. म्हणूनच एकमेकांच्या जिवावर उठायचे बिचारे."

"दादा, परत आण त्यांना."

"तू तिकडे आराम कर. इथे आता ऐसपैस झालंय."

मी घरी आले तेव्हा टाकीत दोनच उरले होते. एक निळा नर, ज्याला आम्ही मुकादम म्हणतो. दुसरी हीटरच्या मागे अंग चोरून उभी असलेली पिवळी मादी. तिचे पर कुरतडलेले होते.

दादाने हे दयेपोटी केले, ही नोंद मी मुद्दाम करते. आई टाकीसमोर उभी होती. म्हणाली, "सगळे होते तेव्हा प्रत्येकाला थोडं थोडं बसायचं. आता सगळं हिलाच." मग तिने फडके घेतले आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी दवाखान्यात होते तेव्हा घरातही दोघेच होते.

कलम ३. दादा. दादा हात उगारत नाही. त्याला आवाज पुरतो. चहा गार झाला, टॉवेल जागेवर नव्हता, दार उघडायला उशीर लागला, काहीही चालते. मी घरात असले की ते आम्हा दोघींत वाटले जाते, आणि मी उलट बोलते म्हणून जास्त माझ्याकडे येते. मी नसले की सगळे आईला. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. नुसत्या फ्लॅटचे काम अर्ध्या पानात झाले असते.

तो वाईट नाही. मुकादमही वाईट नाही. बाबा गेल्यावर दादाने कॉलेज सोडून दुकान उघडले, माझी फी भरली, आणि रविवारी दुकानात बसवून मला हेअरपिनने कुलूप उघडायला शिकवले. घर आपल्या जिवावर उभे आहे, हे त्याच्या मनाने तेव्हा घेतले ते घेतलेच.

त्याला घरबंदी करावी असा सल्ला मला मिळाला. मी तो मानला नाही. एक तर त्याला अडवील असे कुलूप या शहरात नाही. दुसरे, कुलपापर्यंत गोष्ट जाणारच नाही. तो बेल वाजवील आणि आई दार उघडील.

कलम ४. घर भरणे. टाकीत नवे मासे आणताना दांडग्याला आधी बाहेर काढतात. मग सगळे दगड हलवतात, म्हणजे कुठलीच कपार कुणाची राहत नाही. नवे मासे सोडतात, ते रुळले की दांडग्याला सगळ्यात शेवटी. त्याला टाकी ओळखू येत नाही आणि तो पाहुण्यासारखा कडेकडेने फिरतो. मुकादमाला मी असेच परत सोडले. आज टाकी भरलेली आहे आणि पिवळीचे पर भरून आले आहेत.

घराचेही असेच करावे. माझी खोली मावशीला. ती शाळेची बस चालवत असे आणि तिचा आवाज रस्त्यापलीकडे जातो. तिला मी सगळे सांगून विचारले, "दादा ओरडला तर?" ती म्हणाली, "ओरडू दे की. मी बसभर पोरं सांभाळली आहेत. तुझा दादा एकटाच आहे ना?" दादाची खोली दवाखान्यातल्या दोन नर्सना भाड्याने द्यावी. त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एक कुणीतरी नेहमी घरात असते. भाडे आईचे.

तोवर दादाने दुकानाच्या पोटमाळ्यावर राहावे. सगळ्या रुळल्या की तो परत येऊ शकतो. त्याने हॉलमध्ये झोपावे. घरात आई आणि दादा असे दोघेच राहायला उरले, तर दादाचा राहण्याचा हक्क तिथेच थांबतो, आणि माणसे पुन्हा भरेपर्यंत सुरू होत नाही. हे पाहण्याचे काम माझ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे देते. तिला संकोच नाही.

कलम ५. किरकोळ. माझे बारीक पेचकस, चिमटे आणि व्हर्नियर मोजपट्टी दादाला. त्याचा त्यावर पहिल्यापासून डोळा आहे. डब्याच्या तळाशी एक वाकवलेली हेअरपिन आहे, तीही त्याचीच. टाकीच्या वजनाने छत खाली येईल असे जिन्यात सगळ्यांना सांगत फिरणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना स्लॅबच्या वजनाचे मी केलेले गणित द्यावे. त्यांना दुसरे काही नाही.

कलम ६. दगड. एक काम मी मृत्यूची वाट न बघता उरकले. आज दुपारी दादा दुकानात असताना आईने आणि मी घरातले सगळे सामान हलवले. दाराकडे तोंड करून असलेली त्याची खुर्ची माझ्या खोलीत गेली. आईच्या पलंगाचे एक टोक तिने धरले होते.

"कुठे ठेवायचा?"

"तुला हवा तिथे."

ती टोक धरून उभी राहिली.

"खिडकीपाशी," ती म्हणाली. "पण तो काय म्हणेल?"

"आल्यावर बघू."

संध्याकाळी दादा आला आणि दारातच थांबला. त्याने खुर्चीची जागा पाहिली, मग कपाटाची, मग पलंगाची. "हे काय केलंत?" असे त्याने विचारले, पण आवाज चढला नाही. चपला काढल्या आणि म्हणाला, "मी बसू कुठे?"

हा प्रश्न त्याने या घरात कधी विचारला नव्हता. आईने माझ्याकडे पाहिले. मी टाकीकडे पाहत राहिले.

"ते स्टूल घे," आई म्हणाली.

तो स्टुलावर बसला.

हे किती टिकेल ते मला सांगता येत नाही. दांडगा मासा पुन्हा कपार शोधतोच, म्हणून दगड अधूनमधून पुन्हा हलवावे लागतात. माझ्यामागे ते आईने हलवावेत, टाकीतले आणि घरातलेही. जड असतील तर मावशीला हाक मारावी. कुणाला विचारू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि खालील दोघांच्या समोर सही केली. या दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १ : (सही) प्रयोगशाळेतील मैत्रीण. कलम ४ मधले काम मान्य.

साक्षीदार २ : (सही) माशांच्या दुकानाचे मालक. माशांबद्दल लिहिले आहे ते बरोबर आहे.

स्थळ : राहते घर, हॉल, खुर्ची हलवून मोकळी झालेली जागा

दिनांक : शस्त्रक्रियेचा आदला दिवस