विसळायच्या आधी

२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. सांगण्यासारखं काही नव्हतंच. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना मी काचेच्या बशीत पेप्टाइड देते, हे तुला माहीत आहे. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा, पाच-सहा मण्यांचा. त्याने पेशी वाढाव्यात, कामाला लागाव्यात, एवढीच माझी आशा. पण होतंय उलटंच. पेप्टाइड नसलेल्या साध्या बशीतलं ओतून मोजलं तर पेशी भरपूर, पेप्टाइडच्या बशीत निम्म्याही नाहीत. तीन वर्षं पालथ्या घड्यावर पाणी. महिनाअखेर फरक दिसला नाही तर काम बंद, असं आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. मग येतेच तुझ्या कँटीनमध्ये. बश्या मात्र तुझ्या शिस्तीत असतात हं, ओतलं, मोजलं की लगेच विसळून पालथ्या. सगळे नावाजतात.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भिंगरी

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्यासाठी ॲप्रन शिवायला घेतला. येशील तर हक्काने ये. पण एक विचारते, हसू नकोस. परवा आमच्या नव्या आचाऱ्याने पातेल्यातलं दूध ओतून घेतलं आणि कमी भरलं म्हणून दूधवाल्याशी हुज्जत घालत बसला. मी आत डोकावले, तर चांगली जाडजूड खरवड तळाला धरलेली. तुझ्या पेशीही तळाला धरत नसतील ना गं? तू ओतलेलं मोजतेस आणि माझ्या शिस्तीपायी उरलेलं मोरीत घालवतेस. विसळायच्या आधी एकदा तळ बघ बाई.

तुझी आत्या

२४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

अक्षर वाकडं येतंय, घाईघाईत लिहितेय. बशी न ओतता सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेप्टाइडच्या बशीत पेशी तळाशी ठाण मांडून बसल्यात, हातपाय पसरून, चांगल्या बाळसेदार! साध्या बशीतल्या नुसत्या तरंगतायत. मेलेले जंतू टाकले तर या बयांनी गट्ट केले. सगळ्या खरवडून मोजल्या, साध्या बशीच्या दुप्पट भरल्या. चारदा करून पाहिलं, तेच.

मॅडमनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. मग म्हणाल्या, "तीन वर्षं आपण हे मोरीत ओतत होतो?" आणि हसून हसून स्टुलावरच बसल्या. कामाला आणखी दोन वर्षं मिळाली, आत्या! हे कुणी सुचवलं असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्या आत्याने, ती कँटीन चालवते. शोधनिबंधाच्या शेवटी तुझे आभार छापायचेत, पूर्ण नाव कळव.

तुझ्यावर फार फार जीव असलेली,
भिंगरी

३० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय, नीट अक्षरात, चारदा गिरवून. पत्र कँटीनमध्ये मोठ्याने वाचलं. आचारी तेव्हापासून छाती काढून फिरतोय, जणू शोध त्यानेच लावला.

ॲप्रन सोबत धाडते आहे. खिशावर कँटीनचं नाव भरलं होतं, ते काल उसवलं. टाक्यांची भोकं दिसतील, दिसू देत. प्रयोगशाळेत हाच घाल.

आणि लहानपणापासून तुला बजावत आले ते आता मीच मागे घेते. भांडी जरा पडू देत, बाळा.

तुझी आत्या