शोभाचा अंगठा

१२ जुलै, शनिवार

शोभाच्या उजव्या हाताचा अंगठा तुटला. कारखान्यात, कापड कापायच्या मशीनवर, सकाळी दहाला. बारा वर्षं कटिंग करतेय बायको माझी, साधा ओरखडा नाही, आणि आज एकदम...

आबिड्सच्या ऑफिसातून रिक्षा धरली. "भाई, जल्दी." तर म्हणतो, "ट्राफिक मेरा है क्या साब?" त्याचंही बरोबरच.

तिच्यासोबत काम करणारी यादम्मा हॉस्पिटलात हजर. अंगठा तिनेच उचलला. सुपरवायझर म्हणत होता, सरळ बर्फात टाक. हिने ऐकलं नाही. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत घालून तोंड बांधलं आणि ती पिशवी रसाच्या गाडीवरच्या बर्फात. कुठे शिकलीस, विचारलं. "सेफ्टीच्या ट्रेनिंगला सगळे समोसे खात होते, मी ऐकत होते." बाई, तुला शंभर जयभीम!

बाराला आत नेलंय. अजून काही कळवत नाहीत.

१३ जुलै

जोडला. आठ तास लागले. डॉ.बाई पाच फुटांच्यासुद्धा नसतील. मायक्रोस्कोपखाली नसा शिवल्या, दोरा केसाहून बारीक म्हणे. बाहेर आल्या, भिंतीला टेकून उभ्याउभ्याच दहीभात खाल्ला नि म्हणाल्या, "जोडलाय. जगतो का, ते चार-पाच दिवसांत कळेल." आम्ही ऑफिसात तीन फायलींवर सह्या केल्या की दमून उठतो.

सूचना: एसी बंद, सिगरेट ओढून आलेला माणूस आत नको, चहा-कॉफी बंद. याने रक्तवाहिन्या आकसतात म्हणे.

शो. शुद्धीवर आली. पहिलाच प्रश्न, "अहो, कात्री धरता येईल ना?" हो म्हणालो. मला काय कळतंय डोंबल.

१४ जुलै

गुलाबी आहे. सिस्टर तासातासाला येते, टोक दाबून बघते, रंग परत येतो का. "टेन्शन वद्दु, सार." वद्दु म्हणजे नको. नको तर नको, पण ती येईपर्यंत मीच दहादा वाकून रंग बघतो.

शो. घामाघूम, हात उशीवर उंच. कुरकुर एकच. "डोकं फुटतंय, घोटभर चहा द्या हो."

१५ जुलै

लिहायलाही लाज वाटते. आमच्या नांदेडकडे चहा बंद म्हणजे दुधाचा बंद. ताप असो की बाळंतीण, कोरा चहा चालतोच, तो औषधात मोजतात. आई हेच करायची. म्हणून सकाळी गूळ-आल्याचा कोरा चहा आणून पाजला, अर्धा कप. शो. किती खूश!

तासाभरात सिस्टरने अंगठा दाबला, पुन्हा दाबला आणि पळत गेली. पांढराफटक पडला होता.

डॉ.बाई आल्या. पट्टी सैल केली, दिव्याची ऊब, इंजेक्शन. मी कोपऱ्यात. शेवटी बोललो, "मॅडम, मी चहा पाजला. कोरा." शो. लगेच, "मीच मागितला." बाईंनी फक्त विचारलं, किती, किती वाजता, आणि लिहून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "चहानेच झालं असं नक्की सांगता येत नाही. पण दुपारपर्यंत रंग आला नाही तर पुन्हा ऑपरेशन."

तीन वाजता गुलाबी झाला. जिन्यात जाऊन रडलो.

१६ जुलै

दारावर कागद लागलाय. चहा नाही. दुधाचा नाही, काळा नाही, लिंबाचा नाही. तेलुगू, उर्दू, हिंदी. मराठीतला माझ्याकडून लिहून घेतला. "मी नीट सांगायला हवं होतं," डॉ.बाई म्हणाल्या. एवढी मोठी सर्जन! आमच्या ऑफिसात चूक नेहमी शिपायाची असते.

ऑफिसातले रहीमभाई थर्मास भरून चहा घेऊन भेटायला आले. कागद वाचला. "नक्को बाबा, मैं इच पी लेतूं बाहर." खुर्चीवर न बसताच गेले.

२१ जुलै

जगला! डॉ.बाई म्हणाल्या, "आता हा तुमचाच." पण स्पर्श नाही. स्पर्शाची नस हळूहळू वाढते, महिने लागतील. किती येईल, येईल की नाही, हे त्याही सांगत नाहीत. खोटा धीर देत नाहीत, हे मला आवडतं.

शो. म्हणते, कापडाचे थर सरकले की आधी अंगठ्याला कळतं, मग डोळ्याला. म्हणजे स्पर्श नाही तर कटिंग नाही. मी बोलून गेलो, नाही आला तर माझ्यामुळे. "गप बसा," म्हणाली.

२ नोव्हेंबर

पळी धरते, बटण लावते, कुकरचं झाकणही. बघून घ्यावं असं काम केलंय डॉ.बाईंनी. यादम्मा आली होती, अंगठा उलटसुलट करून बघितला, म्हणाली, "माझ्यापेक्षा छान आहे." स्पर्श अजून नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

डॉ.बाईंनी घरी करायला सांगितलेली तपासणी: ती डोळे मिटते, मी पेन्सिलचं टोक अंगठ्याला लावतो, कळलं तर "हौ" म्हणायचं. साडेतीन महिने नुसतं गप्प.

आज म्हणाली, "हौ." मी उडालोच! पुन्हा लावलं. "हौ."

मग काय मनात आलं कोण जाणे. पेन्सिल टेबलावर ठेवली, हात मागे घेतला आणि विचारलं, "आता?"

"हौ," म्हणाली. डोळे मिटलेलेच, हसत.

पेन्सिल टेबलावरच होती, हे सांगितलं नाही. मी शाब्बास म्हणालो. मंगळवारी डॉ.बाईंना दाखवायचंय.