शेळ्या घरात आहेत

प्रिय कासान,

दिमालमामांच्या जीपमधून पालापाची, तुझ्या आवडत्या झणझणीत चटणीची, बरणी पाठवतेय. मिरची तुझ्या हिशेबानं घातलीये, म्हणजे दोन घास खाल्ले की डोळ्यांतून पाणी येईल. बरणीभोवतीच्या फडक्यात हे पत्र आहे. मामांना काही सांगितलेलं नाही. विचारलंच तर "ताईची रडगाणी, दुसरं काय" म्हण आणि विषय बदल. मी फोन का केला नाही असं तुला वाटेल. कंपनीनं राखणीसाठी दिलेला फोन तुझ्या भाऊजींच्या, उमेराच्या खिशात असतो, आणि माझ्या फोनवर मी बोलायला लागले की हल्ली तो दारात येऊन उभा राहतो.

सोमवारी तुमची टोळी आमच्या मक्यातल्या विजेच्या टॉवरवर चढणार, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. तू लाईनमन झालास तेव्हा मीच मिरवले होते, माझा भाऊ सगळ्या शहराचे दिवे सांभाळतो म्हणून. आता तुला त्या लोखंडावर पाहायलाच नको वाटतं.

गावप्रमुखाच्या घरची ती बैठक आठवते ना? कंपनीच्या बाई, तो उत्तरेकडच्या लुझोन बेटाचा पोरसवदा लेफ्टनंट आणि आपण जमीनवाले. टॉवर कंपनीचा, बंदोबस्त सैन्याचा, राखण आमची. तिघांनी मिळून सांभाळायचं असं ठरलं. लेफ्टनंट म्हणाला, "टॉवरखाली जनावरं नकोत. पायथा मोकळा असला की परकी वस्तू लगेच नजरेत भरते." त्यावर आमचे हे राखणदार म्हणतात कसे, "साहेब, शेळ्या ठेवा आणि मला काढा. त्या पगारही मागत नाहीत आणि ड्यूटीवर घोरतही नाहीत!" बाईंना हसताना कॉफीचा ठसका लागला. उमेरानं मान डोलावली, सही केली, आणि दुसऱ्या सकाळी शेळ्या पुन्हा टॉवरच्या पायाला. खोऱ्यात कुणी तो हुकूम पाळला नाही. तिथलं गवत चांगलं, हे कारण सगळ्यांनी सांगितलं. खरं कारण तुला माहीत आहे.

तू लहान असताना आबांनी एकदा सकाळीच टॉवरखालून शेळ्या सोडून आणल्या होत्या. तू म्हणालास, "आबा, अजून त्यांचं पोट नाही भरलं," तर तुझ्या थोबाडीत बसली. आबांनी तुझ्यावर हात उगारलेला मी तेवढाच पाहिला. दोनेक दिवसांत स्फोटानं टॉवर आडवा झाला, शहर अंधारात गेलं, इस्पितळातली माणसं गेली असंही कानावर आलं. आबांना कुणी काही विचारलं नाही आणि आबा कुणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून मक्यात पाऊल टाकण्याआधी आपण सगळे शेळ्या कुठे आहेत ते बघतो. हे आपण कधी बोलून दाखवलं नाही, एकमेकांनाही नाही.

शुक्रवारी नमाजानंतर दोन माणसं आली. कॉफी प्यायली, पिकाची चौकशी केली. जाताना एकजण उमेराला म्हणाला, "तुझी जमिरा हुशार आहे रे. पिवळं दप्तर छान दिसतं तिला." आणि मग अगदी सहज, "शेळ्या थोडे दिवस घरीच ठेव." मी पडद्यामागे होते. शनिवारी उमेरानं शेळ्या आणल्या. मी विचारलं तर म्हणाला, "सरकारचा हुकूम आहे, पाळतोय." ताटातला भात तसाच राहिला. जमिराला त्यानं शाळेत पाठवलं नाही.

आज लेफ्टनंट मोटरसायकलवरून येऊन गेला. मोकळा पायथा लांबूनच पाहून असा खूश झाला! फोटो काढला, उमेराच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! सगळ्या खोऱ्यात तूच पहिला!" उमेरा हसला, पण कपातली कॉफी त्यानं स्वतःच्याच पायांवर सांडली. तो वाईट नाही रे, कासान. तो घाबरलाय. मीही घाबरलेय.

म्हणून हे लिहितेय. सोमवारी तो पायथा पाहून तुलाही वाटेल की भाऊजींनी एकदाचा हुकूम पाळला. तसं नाही. दुखणं काढून एकटा घरी बसू नकोस. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ चढेल. मक्याच्या बांधावरच सगळ्यांना थांबव. सांग की तुला लांबून उकरलेली माती दिसली, स्फोटकं हुंगणारं कुत्रं आणल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुलाच दिसली म्हण. उमेराचं नाव नको, माझं नको, आणि शेळ्यांचा तर शब्दही काढू नकोस, जमिराची शपथ आहे. त्या इथे चुलीमागे बांधल्यात, सारख्या ओरडतायत. तिथे सगळे टाळ्या वाजवतील, फोटो काढतील, चला म्हणतील. तू मात्र घाबर, माझ्या राजा. चांगला घाबर.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारी,
तुझीच
मोनाइसाताई