प्रात्यक्षिक वहीतलं अक्षर

पेण, २ मार्च २०२२

चि. दामोदर यास,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे ठीक आहेत, ऊन तापू लागलंय.

कृषी विद्यापीठाच्या पन्नाशीच्या ग्रंथाचं संपादन तुझ्याकडे आलं, बरं झालं. निवृत्त प्राध्यापकाला उद्योग हवाच. सुरुवातीच्या मुलींपैकी एक म्हणून माझी आठवण हवी म्हणतोस. घे.

१९७३. मृदाशास्त्र, वनस्पतिरोग, कृषिविस्तार, सगळं पुस्तकातून पाठ. पहिल्या भातलावणीच्या प्रात्यक्षिकाला सर म्हणाले, "बाई, रोप लावताय की पुरताय? शेतकऱ्याच्या ना तुम्ही?" वर्ग हसला. मीही हसले.

भातामागून घेतात त्या वालाच्या पिकावरच्या प्रश्नात मात्र पहिली आले. भात कापल्यावर मातीची मूठ वळून ओल कशी बघायची, ते मला हैबतरावांनी शिकवलं होतं. आपलं रोह्याचं शेत तेच कसत. उत्तरपत्रिकेत त्यांचं नाव लिहायची पद्धत नव्हती.

प्रवेशाला स्वतः कसणाऱ्यांच्या मुलांना जादा गुण होते, आणि आपल्या शेतावर कूळ म्हणून हैबतरावांची नोंद. अप्पांनी मला ओसरीवर बसवून कागद लिहवून घेतला : 'हे शेत मी कसत नाही, मालक स्वतः कसतात.' हैबतराव म्हणाले, "आपली पोर शिकतेय ना? मंग घ्या की आंगठा." त्यांची मालू शाळेत माझ्याच वर्गात, गणितात माझ्यापुढे. त्या कागदानंतर जादा गुणांसाठी ती शेतकऱ्याची मुलगीही उरली नाही.

चार वर्षांनी त्याच कागदावर तुला प्रवेश मिळाला. पुढे त्याच कागदावर अप्पांनी हैबतरावांना बांधावरून उतरवलं. मी तेव्हा पदवीधर होते. गप्प बसले.

तुझ्या पत्रातला दुसरा मजकूर मी इतका वेळ टाळला. मालूने बापाच्या कूळहक्कावर शेतासाठी अर्ज केलाय, आणि तुझा वकील तोच कागद पुढे करतोय. परवा ती इथे आली होती. चहा घेतला नाही. "माज्या बाला सही येत नव्हती गो. ह्यो कागद लिवला कोनी, तेवढं सांग." मी म्हटलं, बघते. पन्नास वर्षांनी मला एवढंच सुचलं.

तू लिहितोस, 'अक्षर ओळखता येत नाही असं सांग.' त्या शेतात आता तुझी आदर्श कलमांची बाग आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्यासाठी तू रात्रंदिवस राबलास म्हणतोस, हे खोटं आहे. तिथेही राबतात ते दुसरेच.

सोमवारी रोह्याला सुनावणी आहे. मी जाणार. अक्षर ताडून पाहायला पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक वही नेणार. कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि शेत कोण कसत होतं, तिन्ही सांगणार.

आठवण छापायची तर सगळी छाप. नाहीतर माझं नाव गाळ.

हे पत्रही त्याच अक्षरात आहे. ओळखता येत नसेल तर तसं कळव.

तुझी ताई,
वृंदा