कॉम्प्युटरचं फाटक

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं. मागच्या महिन्यात दीड लागायची. हातातल्या घड्याळावर मोजलंय, अंदाजपंचे नाही.

यंत्र आपण होऊन आळशी होत नाही. त्याला कोणीतरी आळशी करतं. एकतीस वर्षं कारखान्याच्या मुख्य फाटकावर सुरक्षा अधिकारी होतो. आत जाणाऱ्याची पिशवी आणि बाहेर पडणाऱ्याचा डबा, दोन्ही माझ्या नजरेखालून जायचं. मला कोणी शिकवू नये.

कारण उघड आहे. 'चोर आणि मी' हे माझं आत्मचरित्र याच कॉम्प्युटरमध्ये आहे. वर्षभरात अडीच पानं झाली. त्यात गाजलेलं छत्री प्रकरण आहे. ते बाहेर आलं तर कोणाकोणाची झोप उडेल ते इथे लिहीत नाही.

संकल्प: रोजची वेळ या वहीत. गुन्हेगार पंधरा दिवसांत हाती.

४ फेब्रुवारी
'वॉचमन प्लस' नावाचा प्रोग्रॅम बसवला. फुकट. बसल्या बसल्या दोनशे चौदा धोके दाखवले. दोनशे चौदा! आणि घरात माणसं दोन.

आज सहा मिनिटं. वाढलीत, पण ही तपासणीची वाढ आहे. चांगली वाढ.

६ फेब्रुवारी, गुरुवार
हिने बातमी दिली. ही म्हणजे बायको. शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली, तेव्हापासून घरात शिकवायला मी एकटाच उरलोय. आता कॉम्प्युटरवरून मुलांना शिकवणारी कुठलीशी संस्था हिला सापडली आहे. १७ तारखेला सकाळी दहाला चाचणीचा तास. समोर आठ मुलं, मागे परीक्षक. जमलं तर काम पक्कं. फार दिवसांनी इतकी खुलून बोलली. म्हणाली, बाकी काही नको, त्या दिवशी कॉम्प्युटर तेवढा वेळेवर सुरू होऊ दे.

मी म्हटलं, माझ्यावर सोड.

पण न भेटता काम देणारे हे लोक कोण? लगेच 'आयर्न गेट' बसवला. वॉचमनवरही कोणाची नजर हवीच. दुपारी दोघांची जुंपली. वॉचमन म्हणतो आयर्न गेट चोर, आयर्न गेट म्हणतो वॉचमन चोर. दोघांवर तिसरा बसवला.

कारखान्यात माझी हीच पद्धत होती. संशय आला की एक माणूस वाढवायचा. त्या माणसाचा संशय आला की त्याच्यावर आणखी एक. शेवटी फाटकावर आम्ही अकरा जण होतो आणि कामगारांची रांग बसस्टॉपपर्यंत. पण शिस्त म्हणजे शिस्त.

आठ मिनिटं.

९ फेब्रुवारी, रविवार
खुर्ची दोन बोटं खाली आलेली आहे!

मी सकाळी फिरायला जातो तेव्हा इथे कोणीतरी बसतं. हिला विचारलं. म्हणाली, मीच बसते, तासाची तयारी करते, तुमच्या उंचीवर माझे पाय लोंबकळतात. उत्तर फार पटकन आलं. तयार उत्तर. नोंद केली.

बोटांचे ठसे मिळावेत म्हणून की-बोर्डवर पावडर भुरभुरली. पंख्याची आठवण राहिली नाही. आता 'च' दाबला जात नाही. आत्मचरित्राचं नावसुद्धा लिहिता येत नाही. शत्रू हुशार आहे.

१० फेब्रुवारी
मेहुण्याला फोन. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला होता, म्हणजे आतल्या वाटा त्याला माहीत. उलटतपासणी सुरू केली तर मलाच विचारतो, भावजी, तुम्ही त्यात काय काय टाकलंत? चोराच्या उलट्या बोंबा. फोन ठेवला. संशयितांत क्रमांक एक.

अकरा मिनिटं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आता सुटका नाही. 'सेफ आय' बसवला. कॉम्प्युटर चालू केला की हा सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि पूर्ण सुरू होईपर्यंत समोर बसलेल्याचा दर मिनिटाला एक फोटो काढतो. गुपचूप. शिवाय वायरमधून घुसखोरी होऊ नये म्हणून आणखी चार किरकोळ पहारेकरी.

चौदा मिनिटं.

१३ फेब्रुवारी. सकाळी ८.००
सापडला!

फोटोत पुरुष. वय साठीच्या पुढे. डोक्याला टॉवेल, तोंड उघडं, डोळे अस्सल लबाड. असल्या चेहऱ्याला मी फाटकातून आत सोडला नसता. हिला दाखवायला धावत स्वयंपाकघरात गेलो.

८.२०
तो मी आहे. अंघोळीनंतरचा. खोलीत उजेड कमी आहे, एवढंच.

इतर फोटो तपासायचा उत्साह राहिला नाही. सवडीने.

१५ फेब्रुवारी, शनिवार
हिने माझ्या वेळा कागदावर मांडल्या. चार, सहा, आठ, अकरा, चौदा. म्हणाली, ही माळ कुठे चालली आहे ते चौथीतलं पोरही सांगेल. सोमवारी साडेनऊलाच सुरू करते.

मी समजावलं. गणित फळ्यावर ठीक आहे, फाटकावर अनुभव लागतो. चौदा मिनिटं लागतात, पावणेदहाला सुरू केला की एक मिनिट शिल्लक. फार आधी उघडून ठेवला तर चोरालाही आयता वेळ मिळतो. तिला पटलं नाही. तिच्याच भल्यासाठी 'टाइम कुलूप' बसवलं. सोमवारी पावणेदहाच्या आत कॉम्प्युटर उघडणारच नाही.

१६ फेब्रुवारी. दुपार
उद्यासाठी विशेष बंदोबस्त. 'टर्बो सफाई' बसवला, हा वेग वाढवतो. त्याच्यावर नजर ठेवायला दोन. एकूण बळ समाधानकारक.

चाचणी घेतली नाही. आदल्या दिवशी हालचाल दिसली की चोर सावध होतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०
ही साडेआठपासून तयार. केस विंचरलेले, बाहेर जायचे कपडे, कागदांवर रंगीत पेनाने काढलेले त्रिकोण. मी खाली इमारतीच्या दाराशी उभा राहतो. मेहुणा या बाजूला फिरकलाच तर तिथेच धरतो.

१०.४०
मेहुणा आला नाही.

कॉम्प्युटर दहा एकवीसला सुरू झाला. छत्तीस मिनिटं. तोवर परीक्षकांनी तास दुसऱ्या बाईंना देऊन टाकला होता.

घातपात. आता शंकाच नाही.

दुपारी २.००
हिने वेळेवर जेवण वाढलं. त्रिकोणांचे कागद कपाटावर ठेवून दिले. ही बोलत नाही, हेच मला सगळ्यात संशयास्पद वाटतंय.

१८ फेब्रुवारी
अजून नाही बोलली. फक्त कोणालातरी फोन करून उद्या अकराला या असं म्हणाली. कोणाला, ते विचारायची हिंमत झाली नाही. म्हणजे, गरज वाटली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपार
दुरुस्तीवाली बाई आली. चाळिशीची, चष्म्याच्या डबीत स्क्रू-ड्रायव्हर. मी आरोपपत्र तयार ठेवलं होतं, चार पानी. तिने घडी न उलगडता बाजूला ठेवलं. स्क्रू एकही उघडला नाही. नुसती बसून राहिली आणि कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत हिच्याशी गप्पा मारल्या. भरपूर गप्पा झाल्या.

मग म्हणाली, काका, याच्याबरोबर बारा प्रोग्रॅम उठतात. कुठला कधी बसला त्याच्या तारखा आहेत.

तारखा! मला हेच हवं होतं. मी ही वही घेऊन आलो. म्हटलं, तुम्ही तारीख वाचा, त्या दिवशी घरात कोण आलं-गेलं ते मी सांगतो. गुन्हेगार इथल्या इथे पकडू.

तिने वाचलं, ४ फेब्रुवारी. मी वाचलं, ४ फेब्रुवारी, 'वॉचमन प्लस' बसवला. तिने वाचलं, ६ फेब्रुवारी, दोन. मी वाचलं, जरा हळू. १२ फेब्रुवारी, पाच. इथे मला चष्म्यातून नीट दिसेना. मग हिने माझ्या हातातून वही घेतली आणि पुढचं स्वतःच वाचलं. मोठ्याने. मागचंसुद्धा. खुर्चीचं, तयार उत्तराचं, सगळं.

बाई म्हणाली, बिचारा कॉम्प्युटर रोज उठतो, आणि हे बारा जण दारातच एकमेकांचे खिसे तपासत बसतात. तो आत येणार कधी? मी विचारलं, पण सापडलं काय? म्हणाली, काही नाही, काका. आत काही नव्हतंच.

ते दोनशे चौदा धोके? तो आकडा ते प्रोग्रॅम सगळ्यांनाच दाखवतात म्हणे.

दुपारी ३.३०
एक गोष्ट राहिली. 'सेफ आय' काढून टाकण्याआधी बाईने त्यातले फोटो उघडून दिले, आणि त्या दोघी चहाला गेल्या.

सतरा तारखेचे छत्तीस फोटो. नऊ शेहेचाळीसला ही ताठ बसली आहे, हसते आहे. नऊ बावन्नला कागद सारखे करते आहे. नऊ अठ्ठावन्नला कानाला हेडफोन, ओठ हलताहेत, बहुतेक पहिलं वाक्य म्हणून बघत असावी. दहा वाजता घड्याळाकडे बघते. दहा सातला फोन. दहा बाराला अजून फोन. दहा सोळाला हेडफोन काढून मांडीवर ठेवलाय आणि तशीच समोर बघत बसली आहे. पुढचे पाच फोटो तसेच.

मी तेव्हा खाली दारात मेहुण्याची वाट बघत होतो.

मला फार वाईट वाटलं. नोंद केली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
चाळीस सेकंद. तीनदा मोजलं. 'च' पण उमटतो.

हिने संस्थेला स्वतः फोन केला, झालं ते सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण पलीकडचं माणूस बराच वेळ हसत होतं. सोमवारी दहाला पुन्हा तास.

हिने मॉनिटरला कागद चिकटवलाय. 'या खोलीत व या यंत्रात काहीही आणण्यापूर्वी पास आवश्यक. नाव, कारण, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, मंजुरीची सही.' हा माझाच नमुना. एकतीस वर्षं मी हाच वापरला. एक ओळसुद्धा बदललेली नाही.

जेवताना विचारलं तिने, एकतीस वर्षांत फाटकावर तुम्ही पकडलंत तरी काय? सरळ विचारलं, टोमणा नव्हता. मी म्हटलं, छत्री. म्हणाली, कोणाची होती?

मी भाजी चांगली झाली आहे असं म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.१५
तास वेळेवर सुरू झाला. दार बंद. मी बाहेर स्टुलावर.

छत्री त्या पकडलेल्या कामगाराचीच होती. त्याच्याच छत्रीसाठी त्याला तासभर उभा केला होता, आणि त्या दिवशी त्याची बस चुकली. हे आत्मचरित्रात नाही. घालावं लागेल. मग अडीच पानांतली दोन जातील.

आत मुलं हसताहेत. हीसुद्धा. शाळेत ही अशी शिकवायची का, मला माहीत नाही. सव्वीस वर्षांत कधी गेलोच नाही ऐकायला. माझी ड्यूटी असायची.

१०.२०
पास लिहिला. नाव: मी. कारण: मागे बसून ऐकणे. आत जाण्याची वेळ: मंजुरीनंतर. बाहेर येण्याची वेळ: सांगाल तेव्हा. दाराखालून आत सरकवला.

१०.३५
मुलांना गणित सोडवायला दिलं असावं, आत शांत झालं. पास परत आला. लाल पेनाने लिहिलंय: 'नामंजूर. पुढच्या सोमवारी पुन्हा अर्ज करावा.'

सही तपासली. खरी आहे.