माझ्या डोक्यावरची शपथ

आबा,

माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही शपथ घेतलीत, तेव्हा ती आपल्याच्यानं निभावणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का? आई म्हणते, ठाऊक होतं. मामा म्हणतात, पाळायचीच नव्हती. तुमच्या हाताखाली मी उभी होते आणि मला एवढंच आठवतं, की त्या हाताला साबणानेही न जाणारा ऑइलचा वास येत होता.

कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात लोखंडाचं ओतीव कास्टिंग उचलताना तुमची कंबर धरली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तुम्ही त्याच आठवड्यात शिफ्टला उभे राहिलात. “माणसात आल्यागत वाटतंय,” असं तुम्ही म्हणायचात आणि आम्हाला बरं वाटायचं. कंबर बरी झाली, गोळ्या थांबल्या नाहीत. तुम्हाला पायरीवर बघितलं की मेडिकलवाला पाकीट काउंटरवर ठेवायचा, “नेहमीचं की?” चिठ्ठी त्याने कधी मागितली नाही. त्या गोळ्या अफूच्या जातीच्या आहेत, त्यांची सवय लागते, हे त्याने सांगितलं नाही आणि डॉक्टरांनीही नाही. आपल्या घरात दारू नव्हती, विडी नव्हती. व्यसन शेजारच्यांच्या घरात असतं असंच आपण धरून चाललो होतो.

ते स्वयंपाकघर अजून दिसतं. आईला पिठाच्या डब्यात पाकिटं सापडली आहेत. तिने बोलावून घेतलेले मामा पाटावर बसलेत. “दाजी, दारू न्हाय, गांजा न्हाय. साध्या गोळ्या सुटंनात व्हय तुमच्याच्यानं?” तुम्ही खाली बघत म्हणता, “सुटतील की, पावणं.” “मग ठेवा पोरीच्या डोक्यावर हात.” दहावीचं पुस्तक हातात धरलेल्या मला आई पुढे ढकलते, आणि तुम्ही हात ठेवता.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घामाने निथळत होता. नाक-डोळे वाहत होते, पोटात पाणी ठरत नव्हतं, पाय झाडत होता. “सोंग हाय सगळं,” मामा म्हणाले. “आक्का, बाहेरनं कडी घाल.” आईने घातली. आणि तुम्ही ते सोसलंत, आबा. महिना उलटून गेला तरी गोळीला हात लावला नाहीत. मग कामावर कंबर पुन्हा धरली, आणि एका दुपारी पूर्वी घ्यायचात तेवढ्याच गोळ्या घेऊन तुम्ही आडवे झालात. चहाला उठवायला मीच आले होते. रक्षाविसर्जनाला बायका मोठ्यानेच बोलत होत्या, “शपथ मोडली की हो. पोरीवर यायचं ते बापानं अंगावर घेतलं.” तेव्हापासून ते वाक्य मी वागवत आले.

आता आजऱ्याच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात मी समुपदेशक आहे. घरातली पहिली पदवीधर, तुम्ही पेढे वाटले असते. यंदा प्रशिक्षणाला गेले. पडद्यावर सगळं इंग्रजी. तिथे कळलं की या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायच्या असतात, लागलं तर त्यांच्या जागी दुसरं औषध देता येतं. आणि काही दिवस बंद ठेवून जुन्या मापाने घेतल्या, तर शरीराला पेलत नाहीत, श्वास थांबू शकतो. दोन वाक्यं, आबा. मराठीत सांगायला मिनिटभरही लागत नाही. ज्यांना ती ठाऊक असायला हवी होती, त्यांनी तुम्हाला चिठ्ठ्या लिहून दिल्या, तुमच्याकडून फी घेतली, आणि ती सांगितली नाहीत. तुम्ही कच्च्या मनाचे होता असं मात्र गावभर झालं. केंद्रात परत येऊन कपाट उघडलं, तर हीच माहितीपत्रकं तिथे पडून होती, गठ्ठ्याची दोरीही न सोडलेली, इंग्रजीत. बाहेर भिंतीवर मात्र दारूची बाटली आणि कवटी यांचं पोस्टर.

आमच्याकडेही दर महिन्याला व्यसनमुक्तीच्या शपथेचा कार्यक्रम व्हायचा. मागच्या वेळी काजूच्या कारखान्यात पोती वाहणारा एक जण आला, बायकोने ओढून आणलेला. खिशात तुमच्यासारखंच पाकीट. तिने लेकीला पुढे ढकललं. त्याचा हात तिच्या केसांना टेकायच्या आत मी तो धरला. “मग कुणाची शपथ घालू, मॅडम?” ती चिडली. “दुसऱ्या कशाचं भ्या न्हाय त्याला.” मी म्हटलं, “भ्या घालून भागायचं नाही, ताई. औषध पाहिजे.” आमचे साहेब बाजूला घेऊन म्हणाले, “लोकांच्या श्रद्धेत पडू नका. पोस्टर लावा, फोटो पाठवा, झालं.” मी त्या दोघांना एसटीत बसवून कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आता त्याच्या गोळ्या उतरवताहेत. प्रत्येक खेपेला तो वैतागतो, “तुमच्यापरीस शपथ सोपी हुती की.” वैतागू दे. वैतागायला तो आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला तरी खरं सांगते. शपथेचा कार्यक्रम मी बंद केला; साहेबांना फोटो मिळाले की पुरतं. त्या जागी ती दोन वाक्यं माईकवरून मराठीत सांगते, मेडिकलवाल्यांना पुढच्या रांगेत बसवून. आईच्या कानावर गेलं. अजूनही भाकरी थापता थापता ती म्हणते, “पोरीपेक्षा गोळ्या मोठ्या झाल्या त्यास्नी.” तिने विचारलं, “चांगला कार्यक्रम का बंद केलास गं?” कडी तिने घातली होती. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, “वरनं आदेश आलाय.”